पर्स आणि चषक

प्रस्तावना

येरवड्यात एकच वाद दिवसातून दोनदा निघतो. पहाटे, अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा, कॉमरझोन आयटी पार्कमधली रात्रपाळी उरकून बाहेर पडलेली मुलं चहाच्या टपरीवर मोबाइल उभा करून एनबीएचा सामना बघतात. एवढे कोटी डॉलर मोजून आणलेला माणूस बाकावर का बसलाय, यावर त्यांची जुंपते. रात्री आठनंतर, प्रो कबड्डीचा मोसम असला, की गाडीतळापासून लक्ष्मीनगरपर्यंत मंडळांच्या पोरांमध्ये तोच प्रश्न असतो. फक्त डॉलरच्या जागी रुपये येतात आणि बाकाच्या जागी मॅटबाहेरची खुर्ची. एकाच वस्तीतली ही दोन टोळकी एकमेकांशी खेळाच्या पैशावर क्वचित बोलतात. पहिल्याला वाटतं, कबड्डीत काय हिशेब असणार. दुसऱ्याला वाटतं, बास्केटबॉलचं आपल्याला काय. दोघांसाठी मिळून हे पुस्तक आहे.

विषय सांगायला सोपा आहे. संघमालकाकडे खेळाडूंवर खर्च करायला ठरावीक रक्कम असते. आपल्याकडे सगळे तिला पर्स म्हणतात. ती कोणावर, किती आणि किती वर्षांसाठी अडकवायची, म्हणजे शेवटी चषक हाती येईल? मालक श्रीमंत असला तरी त्याला वाटेल तेवढं उधळता येत नाही, कारण लीगनेच वरची मर्यादा घालून दिलेली असते. एनबीएने ही मर्यादा 1984-85 च्या हंगामापासून आणली, तेव्हा ती संघामागे 36 लाख डॉलर होती. 2024-25 मध्ये ती 14 कोटी डॉलरच्या थोडी पुढे होती. आयपीएलने 2008 मध्ये 50 लाख डॉलरने सुरुवात केली आणि 2025 च्या हंगामाला ती 120 कोटी रुपयांवर नेली. प्रो कबड्डीत पहिल्या मोसमात, 2014 मध्ये, संघाची पर्स 60 लाखांची होती आणि सगळ्यात महाग ठरलेला राकेश कुमार पाटणा पायरेट्सला 12 लाख 80 हजारांना पडला होता. दहाव्या मोसमात पर्स पाच कोटींची झाली. आकडे वाढले, पण प्रश्न जागचा हलला नाही. उलट रक्कम सगळ्यांना सारखीच असल्यामुळे मालकाच्या श्रीमंतीपेक्षा त्याची अक्कल उघडी पडू लागली.

या अकलेचे नमुने बघायला पुणेकराला लांब जावं लागत नाही. आपल्या शहराच्या नावाने गेल्या पंधरा वर्षांत जे संघ उभे राहिले, त्यांच्यात या विषयाचा सगळा अभ्यासक्रम येऊन जातो.

पहिला धडा पुणे वॉरियर्सचा. 21 मार्च 2010 रोजी सहारा समूहाने आयपीएलमधल्या पुण्याच्या संघासाठी 37 कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे 1,702 कोटी रुपये, दहा वर्षांत द्यायचं कबूल केलं. दोनच वर्षांपूर्वी मुंबई इंडियन्स हा त्या वेळचा सगळ्यात महाग संघ 11 कोटी 19 लाख डॉलरना गेला होता. तिपटीहून जास्त किमतीला घेतलेल्या संघाने 2011 च्या लिलावात रॉबिन उथप्पावर 21 लाख, युवराज सिंगवर 18 लाख आणि अँजेलो मॅथ्यूजवर साडेनऊ लाख डॉलर लावले. पर्स 90 लाखांची. म्हणजे तीन नावांतच निम्म्याहून जास्त पैसे संपले. तिघांच्या गुणवत्तेबद्दल कोणाची तक्रार नव्हती. युवराज तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत विश्वचषकाचा मालिकावीर झाला. पण वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला चारच षटकं मिळतात आणि फलंदाज पहिल्या चेंडूवर बाद होऊ शकतो. अशा खेळात तिघांवर घर चालत नाही. त्या मोसमात संघ दहापैकी नववा आला, पुढच्या वर्षी नऊपैकी नववा, त्याच्या पुढच्या वर्षी आठवा. 46 सामन्यांत 12 विजय. 2012 च्या मोसमात युवराज कर्करोगाच्या उपचारांमुळे नव्हता, आणि असा घाव सोसायला लागणारी दुसरी फळी संघाने बांधलीच नव्हती. नवं मैदान गहुंज्यात उभं राहिलं, गांगुलीसारखा कर्णधार आला, पण गुणतक्त्यात काही हललं नाही. संघाच्या शुल्कावरून क्रिकेट मंडळाशी वाद झाला आणि 2013 मध्ये गाशा गुंडाळला गेला. शेवटच्या मोसमात, 23 एप्रिलला, बंगळुरूत याच संघाच्या गोलंदाजीवर ख्रिस गेलने नाबाद 175 धावा काढल्या. तो गेल 2011 च्या लिलावात कोणालाच नको होता. बंगळुरूने त्याला नंतर, बदली खेळाडू म्हणून घेतलं होतं.

दुसरा धडा चार वर्षांनी आला, आणि मला तो जास्त आवडतो, कारण त्यात कोणीच मूर्ख नाही. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा त्यांच्या जागी दोन तात्पुरते संघ हवे होते. बोली उलटी होती : मंडळाकडून सगळ्यात कमी कोण मागतो. संजीव गोएंकांच्या कंपनीने पुण्यासाठी शून्याच्याही खाली जाऊन, आम्हीच मंडळाला वर्षाला 16 कोटी देऊ, अशी बोली लावली. सहाराच्या सतराशे कोटींच्या शेजारी हा आकडा ठेवला, की संघाची किंमत आणि संघाची ताकद यांचा एकमेकांशी किती थोडा संबंध असतो, ते कळतं.

2017 च्या लिलावात या रायझिंग पुणे सुपरजायंटने बेन स्टोक्सला साडेचौदा कोटींना घेतलं. पर्स 66 कोटींची होती, तेव्हा एक पंचमांशाहून जास्त रक्कम एकाच माणसावर गेली. स्टोक्सने ती फेडली. महाराष्ट्रदिनी, 1 मेला, गहुंज्यात गुजरात लायन्सविरुद्ध त्याने नाबाद 103 केले आणि मोसमाचा सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. पण त्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेण्यात आणखी दोघांचा मोठा हात होता आणि त्या दोघांची मिळून किंमत 40 लाख रुपये होती. जयदेव उनाडकट 30 लाखांना मिळाला आणि त्याने 24 बळी घेतले. डेक्कन जिमखान्याच्या मैदानांवर वाढलेला राहुल त्रिपाठी 10 लाखांना मिळाला आणि त्याने 391 धावा काढल्या. लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा पुण्याबाहेर फार थोड्यांनी मान वर केली असेल. आणि प्लेऑफ सुरू झाले, तेव्हा स्टोक्स इंग्लंडच्या संघात दाखल व्हायला निघून गेलेला होता. 21 मे रोजी हैदराबादला मुंबईच्या 129 धावांचा पाठलाग करताना पुण्याने 128 केल्या. एका धावेने चषक गेला.

करार लिहिताना तारखाही लिहिल्या जातात, हे या सामन्यातून शिकायचं. खेळाडू किती चांगला, याबरोबर तो शेवटच्या आठवड्यात हजर असेल का, हेही किमतीत धरावं लागतं. आणि दुसरं असं, की उनाडकटची पुढची कथा संघमालकांनी भिंतीवर लावून ठेवावी. 30 लाखांच्या मोसमानंतर 2018 मध्ये राजस्थान रॉयल्सने त्याला साडेअकरा कोटी दिले. त्याने 11 बळी घेतले. राजस्थानने 2017 च्या कामगिरीचे पैसे 2018 मध्ये मोजले, आणि ती कामगिरी तर पुण्याने आधीच वापरून टाकली होती. लिलावात बहुतेक वेळा हेच होतं. बोली कालच्या आकड्यांवर चढते, चषक उद्याच्या आकड्यांवर मिळतो.

महाग खेळाडू म्हणजे फसलेला सौदा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कोलकात्याने मिचेल स्टार्कला 24 कोटी 75 लाखांना घेतलं, निम्मा मोसम लोकांनी टिंगल केली आणि 2024 च्या अंतिम सामन्यात सामनावीर तोच होता. पुढच्या वर्षी लखनौने ऋषभ पंतला 27 कोटी दिले आणि संघ सातवा आला. पंजाबने श्रेयस अय्यरला पावणेसत्तावीस कोटी दिले आणि संघ अंतिम सामन्यात पोहोचला. पंत आणि अय्यर यांच्यात पंचवीस लाखांचा फरक होता, संघांमध्ये पाच पायऱ्यांचा. किंमत बघून यश-अपयश सांगता आलं असतं, तर हे पुस्तक लिहायची गरजच नव्हती. त्या किमतीला कोणती जागा विकत घेतली आणि तिच्याभोवती काय उभं केलं, हे बघावं लागतं. त्यासाठी आता कबड्डीकडे येऊ, कारण आपल्या शहराला या विद्येत खरी पदवी तिथेच मिळाली.

पुणेरी पलटण पहिल्या दोन मोसमांत तळाला होती. पुढे तिनेही नावं विकत घेऊन बघितली. 2018 मध्ये सहा कबड्डीपटू पहिल्यांदा कोटीच्या घरात गेले, त्यातला नितीन तोमर 1 कोटी 15 लाखांना पलटणचा झाला. पुढच्या मोसमात त्याला राखायला 1 कोटी 20 लाख मोजले. चषक दूरच राहिला. नवव्या मोसमात, 2022 मध्ये, दोन इराणी आणले : फझल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना आणि मोहम्मद नबीबक्ष 87 लाखांना. 4 कोटी 40 लाखांच्या पर्समधला निम्म्याहून जास्त वाटा या दोघांचा. संघ अंतिम फेरीत गेला आणि 17 डिसेंबरला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये जयपूरकडून 29-33 असा हरला.

चार गुणांनी चषक हुकलेला संघ सहसा तसाच ठेवतात, एखादी डागडुजी करतात. पलटणने कर्णधार अत्राचलीला आणि नबीबक्षला, दोघांनाही सोडलं. राखलं कोणाला, तर पोरांना. असलम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत ही महाराष्ट्रातली चौकडी, शिवाय मोहित गोयत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन. असलम आणि मोहित आठव्या मोसमात ‘नवे तरुण खेळाडू’ या योजनेतून आलेले. या योजनेतल्या मुलांवर बोली लागत नाही, ठरलेल्या मानधनावर संघ त्यांना थेट करारबद्ध करतो. म्हणजे बाजारात ज्यांची किंमत एव्हाना कितीतरी वर गेली असती, ती मुलं पलटणकडे जुन्या, स्वस्त दराने होती. त्यामुळे लिलावात हात मोकळा राहिला आणि त्या मोकळ्या हाताने मोहम्मदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले. पाच कोटींच्या पर्समधले सत्तेचाळीस टक्के एका माणसावर. आकड्यात पाहिलं तर ही वॉरियर्सचीच चूक. मग इथे ती चूक का ठरली नाही?

शादलू डाव्या कोपऱ्यात उभा राहतो म्हणून. याच मोसमात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं, म्हणजे पर्सच्या निम्म्याहून जास्त. पवन चढाईचा बादशहा आहे, यात शंका नाही. पण चढाईपटूचं दुखणं असं, की पकड झाली की तो बाहेर जातो आणि कोणीतरी गुण आणून त्याला परत उठवेपर्यंत बाहेरच बसतो. संघातल्या बाकीच्यांमध्ये तेवढा दम नसेल, तर अडीच कोटींची गुंतवणूक मॅटशेजारच्या खुर्चीवर बसून सामना बघते. टायटन्स 22 सामन्यांत दोनदा जिंकले आणि तळाला गेले. त्याआधीच्या मोसमात तमिळ थलाइवाजने पवनसाठी 2 कोटी 26 लाख दिले होते आणि तो पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला होता. कोपरारक्षकही बाद होतो, तोही बाहेर बसतो. पण त्याचं काम समोरच्या प्रत्येक चढाईला लागतं, आणि त्याने धरलेली एक पकड दोनदा मोजायला हवी : गुण मिळतो, शिवाय समोरचा महागडा चढाईपटू बाहेर जातो. शादलूने त्या मोसमात पकडींचे 99 गुण मिळवले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. तो पकडत होता म्हणून असलम आणि मोहित पुन्हा पुन्हा मॅटवर येत होते. ते दोघे चढायांत गुण आणत होते म्हणून शादलूला हातघाईवर यावं लागत नव्हतं. 22 सामन्यांत 17 विजय, 3 बरोबरी, 2 पराभव, 96 गुण. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादच्या गचीबावलीत हरयाणा स्टीलर्सवर 28-25 अशी मात झाली. त्या सामन्यात सगळ्यात जास्त गुण मिळवले पंकज मोहितेने, एका चढाईत चार गडी टिपून. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला असलम. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी ही सगळी मोट बांधली होती.

पुढचं वर्ष या पुस्तकाच्या दृष्टीने विजयाच्या वर्षाइतकंच महत्त्वाचं आहे. पलटणने शादलूला मोकळं केलं. हरयाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं. असलम जायबंदी होऊन मोसमाच्या मध्यातच बाहेर पडला आणि गतविजेते प्लेऑफमध्येही गेले नाहीत. 29 डिसेंबर 2024 चा अंतिम सामना आपल्याच बालेवाडीत झाला. हरयाणाने पाटण्याला 32-23 असं हरवून पहिला चषक उचलला आणि कोपऱ्यात शादलू होता. पाहुण्यांनी आपल्या घरात येऊन, आपल्या माणसाच्या जोरावर चषक नेला, असं त्या रात्री पुष्कळ पुणेकरांना वाटलं असणार. माझं मत वेगळं आहे. शादलूला सोडणं ही चूक होती, असं सहज म्हणता येतं. पण राखलेल्या पोरांचे दर वाढत असताना कोपऱ्यावर पुन्हा पर्सचा निम्मा भाग घालणं, हाही जुगारच होता. पलटणने पोरं धरली, आणि बाराव्या मोसमात ती पुन्हा अंतिम फेरीत गेली. 31 ऑक्टोबर 2025 ला दिल्लीत, दबंग दिल्लीकडून 28-31 अशी हरली. दोन चषक हुकले, एक मिळाला, पण चार मोसमांत तीनदा अंतिम सामना खेळणारा संघ कोणाची नक्कल करून उभा राहत नाही.

आता टपरीवरच्या पहाटेच्या मंडळींकडे वळतो. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच खेळाडू मैदानात असतात आणि मोठा खेळाडू 48 पैकी पस्तीस-चाळीस मिनिटं खेळतो. क्रिकेटमध्ये स्टोक्सच्या हातात चेंडू चार षटकं असतो, बास्केटबॉलमध्ये संघाचा तारा जवळजवळ प्रत्येक हल्ल्यात चेंडू हाताळतो. म्हणून या खेळात एका माणसाची किंमत अवाच्या सवा जाते आणि तरी ती कमीच असते. 1997-98 मध्ये शिकागो बुल्सची पगाराची मर्यादा 2 कोटी 69 लाख डॉलर होती आणि एकट्या मायकेल जॉर्डनला 3 कोटी 31 लाख मिळत होते. आपला जुना खेळाडू राखताना मर्यादा ओलांडायची सवलत होती, म्हणून हे जमलं. 1998-99 च्या टाळेबंदीनंतर एका खेळाडूच्या कमाल पगारावरही टोपण बसलं. तेव्हापासून खऱ्याखुऱ्या महान खेळाडूला त्याच्या लायकीपेक्षा कमीच पैसे मिळतात आणि बरे खेळाडूही तीच कमाल रक्कम मागून मोकळे होतात. संघ बुडतात ते या दुसऱ्या वर्गामुळे. फिनिक्स सन्सने 2024-25 मध्ये ड्युरंट, बुकर आणि बील हे तीन कमाल करार एकत्र ठेवले, लीगमधला सगळ्यात महागडा संघ उभा केला, 36 सामने जिंकले, 46 हरले आणि प्लेऑफ घरून बघितले.

त्याच वर्षी ओक्लाहोमा सिटीने अजिंक्यपद मिळवलं आणि त्यांना चैनीचा कर, म्हणजे ठरलेल्या पातळीपलीकडच्या पगारखर्चावर लीग लावते तो कर, म्हणून एक डॉलरही भरावा लागला नाही. शाय गिल्जस-अलेक्झांडर हा त्यांचा एकच कमाल करार. जेलेन विल्यम्स आणि चेट होमग्रेन अजून नवशिक्यांच्या ठरीव पगारावर होते. पलटणचं आणि यांचं सूत्र एकच आहे : एक महाग माणूस योग्य जागी आणि भोवती अजून दर न वाढलेली पोरं. चषक मिळाल्यानंतरच्या जुलैमध्येच तिघांचे नवे करार झाले आणि ते मिळून 80 कोटी डॉलरच्या पुढे गेले. बोस्टनचं उलट झालं. 2024 चं अजिंक्यपद मिळवलेला संघ वर्षभरातच इतका महाग झाला, की 2023 च्या करारनाम्यात आलेल्या दुसऱ्या, कडक मर्यादेखाली यायला त्यांना होलिडे आणि पोर्झिंगिस यांना सोडून द्यावं लागलं. चषक जिंकला की त्याच चषकामुळे संघ मोडायला लागतो. मर्यादा असलेल्या कोणत्याही लीगमध्ये विजेत्याच्या हातात दोन-तीन वर्षं असतात, फार तर.

मराठी वाचकाला या कथेत एक आडनाव ओळखीचं भेटेल. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे मालक झाले. संघाची किंमत तेव्हा 53 कोटी 40 लाख डॉलर धरली गेली. एनबीए संघाची मालकी मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिले गृहस्थ. त्याआधी त्यांचं नाव क्रीडाजगतात झालं होतं ते मुलीच्या शाळकरी संघाला पूर्ण मैदानभर दबाव टाकून खेळायला शिकवल्यामुळे. दुबळ्या संघाने बलाढ्यांना कसं नमवायचं, याचं उदाहरण म्हणून माल्कम ग्लॅडवेल यांनी त्यावर लिहिलं. किंग्ज सिएटलला जाणार होते, ते रणदिवे आणि सोबत्यांमुळे सॅक्रामेंटोत राहिले, शहराला नवं मैदान मिळालं, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये भारतातले पहिले दोन एनबीए सामने मुंबईत झाले तेही किंग्जमुळेच. पुढे पलटण जिथे जयपूरकडून हरली, त्याच डोममध्ये.

एवढं सगळं असूनही किंग्जने सलग 16 मोसम प्लेऑफ न गाठण्याचा विक्रम केला. याचं खापर कंजूषपणावर फोडता येत नाही. नव्या खेळाडूंच्या 2018 च्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) त्यांना दुसरा क्रमांक मिळाला होता, त्यांनी मार्विन बॅग्ली निवडला आणि लुका डॉन्चिच पुढच्या क्रमांकावर गेला. या दोन्ही मुलांना पहिली चार वर्षं जवळपास सारखाच पगार मिळणार होता. म्हणजे चूक एका पैशाची नव्हती, पण तिने जे स्वस्तात मिळालं असतं ते गमावलं, आणि गमावलेली स्वस्ताई कोणत्याच लिलावात विकत मिळत नाही. 2022-23 मध्ये फॉक्स आणि सबोनिस या जोडीवर 48 सामने जिंकून दुष्काळ संपला. त्यानंतर दोघेही महाग झाले, प्रशिक्षक माइक ब्राउन गेले, 2025 च्या फेब्रुवारीत फॉक्सही गेला आणि त्या व्यवहारात झॅक लावीनचा जाडजूड करार पदरात आला. किंग्जच्या फ्रँचायझीचं एकमेव अजिंक्यपद 1951 चं आहे, रॉचेस्टरमध्ये असतानाचं. आपल्या माणसाबद्दल कडवट लिहायला जड जातं, पण पुस्तकात हे प्रकरण लपवलेलं नाही.

आपल्याकडच्या बास्केटबॉलला या विवंचना अजून नाहीत, हे थोडं खेदानेच नोंदवतो. यूबीए लीगमध्ये पुणे पेशवाज नावाचा संघ होता. ती लीग 2017 नंतर पुढे गेली नाही. भारताकडून खेळणारी पुण्याची शिरीन लिमये रेल्वेची खेळाडू, आणि तिच्याआधीच्या पिढ्यांचाही खरा करार नोकरीचाच असे. कबड्डीतही तेच होतं. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, पोलीस यांचे संघ खेळाडूला लिलावात घेत नसत, कामावर घेत. गुडघा गेला तरी पगार चालू राहत असे. ती व्यवस्था खेळाडूला कमी देई आणि जास्त वर्षं देई. लीगने गणित उलटवलं.

इथे एक आकडा ध्यानात ठेवा. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाच्या विजेत्याला बक्षीस मिळालं तीन कोटी. पर्स होती पाच कोटींची. आयपीएलच्या विजेत्याला 2025 मध्ये वीस कोटी मिळाले आणि पर्स 120 कोटींची होती. चषकाने खेळाडूंचा खर्चही भरून निघत नाही. मालकाचं उत्पन्न प्रक्षेपणाच्या वाट्यातून आणि प्रायोजकांकडून येतं, हरला तरी बरंचसं येतंच. मग चषकासाठी जिवाचं रान कोण करतं? ज्याचा पुढचा करार त्यावर ठरणार असतो, तो पोरगा.

विजेत्या संघाचा हिशेब जुळतो, कारण त्यात कोणीतरी कमी पैशात खेळलेला असतो. जॉर्डनच्या शेजारी स्कॉटी पिपेन 1997-98 मध्ये सुमारे 28 लाख डॉलरवर खेळत होता आणि पगाराच्या यादीत लीगमध्ये 122 वा होता, कारण गरिबीतून आलेल्या या मुलाने 1991 मध्येच लांब मुदतीचा करार करून टाकला होता. बुल्सची शेवटची तीन अजिंक्यपदं त्या सहीवरही उभी आहेत. त्रिपाठीच्या दहा लाखांवर पुण्याचा अंतिम सामना उभा होता. असलम आणि मोहितच्या ठरीव मानधनावर पलटणचा चषक उभा आहे. या लेखनाच्या सगळ्या प्रकरणांतून मी एकाच निष्कर्षावर आलो आहे : चषकाचं बिल महागडा खेळाडू भरत नाही, मालकही भरत नाही. ज्याचा दर अजून वाढलेला नाही, तो भरतो. संघांना दोष देत नाही, नियमांच्या आत राहून त्यांनी शहाणपणा केला. पण लीगने नियम बदलावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तरुण खेळाडूच्या पहिल्या करारात चषकाचा वाटा लिहिलेला असावा, आणि दुखापतीनंतरच्या किमान एका वर्षाचा पगार पक्का असावा. पाच कोटींच्या पर्समध्ये हे सहज बसतं.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल थोडं. प्रकरणं क्रमाने घ्यायलाच हवीत असं नाही. कबड्डीच्या पोरांनी ओक्लाहोमाचं प्रकरण सोडू नये, कॉमरझोनच्या मंडळींनी डाव्या कोपऱ्याचं. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे, त्यांनी वॉरियर्सपासून सुरुवात करावी, तिथे आकडे मोठे आहेत पण बेरीज सोपी आहे. आणि ज्या मंडळांची मुलं पुढच्या निवड चाचण्यांना जाणार आहेत, त्यांच्या प्रशिक्षकांना एक विनंती : कराराचं शेवटचं प्रकरण मुलांच्या आईवडिलांना वाचून दाखवा, आणि सही करण्याआधी कागद एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाला.

येरवडा, पुणे